सरकारी दप्तरातील ग्रंथशोध

१८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने मुद्रकास प्रत्येक नव्या ग्रंथाच्या प्रती सरकारात दाखल करण्याचा हुकूम फर्मावला, आणि दर तिमाहीस गॅझेटात जी यादी प्रसिद्ध होऊ लागली, तिच्यात कादंबरी, काव्य, वैद्यक, धर्मपर पोथी अशा नाना जातींच्या पुस्तकांची नावे, पृष्ठे, छापलेल्या प्रती व किंमत यांसह एकाच पंक्तीस येऊन बसली. हेतू, अर्थात, निव्वळ वाचकसेवेचा नव्हता. त्यात पाळतही होती. यादीत नसलेले ग्रंथांचे गुणदोष सांगण्याचे काम मात्र त्याच वर्षी निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाने पत्करले. पुढे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची सूची, अपार परिश्रम करून, सिद्ध केली. ग्रंथालयात गेलात, तर ती अवश्य मागवून पाहा.