दीर्घिकांचे वय मोजणारी शास्त्रज्ञ : बिअट्रिस टिन्स्ली

लक्षावधी प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका आज आपल्याला जशी दिसते, तशीच ती पूर्वीही होती काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक खगोलशास्त्रज्ञ या प्रश्नाकडे फारसे लक्ष देत नव्हते. हा प्रश्न विश्वरचनाशास्त्राच्या केंद्रस्थानी आणण्याचे मोठे श्रेय डॉ. बिअट्रिस टिन्स्ली यांना जाते. त्यांना संशोधनासाठी जेमतेम पंधरा वर्षे मिळाली. त्या काळात त्यांनी सुमारे शंभर शोधनिबंध लिहिले.

टिन्स्ली यांचा जन्म २७ जानेवारी १९४१ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. बालपण आणि शिक्षण मात्र न्यूझीलंडमध्ये. ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर १९६३ मध्ये त्या पतीसह अमेरिकेत डल्लास येथे आल्या. नोकरी पतीची होती. त्यांच्या वाट्याला गृहिणीची भूमिका आली. ती त्यांना मानवली नाही. तीनशेहून अधिक किलोमीटरवरील ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवले आणि नियमित ये-जा करीत १९६६ च्या अखेरीस पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण केला.

या प्रबंधाचा विषय होता दीर्घिकांची उत्क्रांती आणि विश्वरचनाशास्त्रातील तिचे महत्त्व. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे आणि वायू. जड तारे निळसर, तेजस्वी आणि अल्पायुषी. हलके तारे तांबूस, मंद आणि दीर्घायुषी. वायूपासून तारे जन्मतात, मरताना त्यांतील काही द्रव्य पुन्हा वायूत मिसळते आणि त्याबरोबर जड मूलद्रव्येही येतात. ताऱ्यांच्या जन्माचा वेग आणि त्यांच्या वस्तुमानांची वाटणी गृहीत धरली, तर संपूर्ण दीर्घिकेचा रंग व दीप्ती काळानुसार कशी बदलेल, हे संगणकाच्या साहाय्याने काढता येते. टिन्स्ली यांनी नेमके तेच केले. १९६८ मध्ये 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने या पद्धतीचा पाया घातला. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांची वये ठरवतानाही शास्त्रज्ञ याच पद्धतीची विकसित रूपे वापरतात.

हे वरवर निरुपद्रवी वाटणारे गणित एका दिग्गजाच्या निष्कर्षाला छेद देणारे ठरले. पालोमार येथील दोनशे इंची दुर्बिणीवर काम करणारे ॲलन सँडेज हे विश्वाच्या प्रसरणाचा वेग कसा मंदावत आहे, ते मोजत होते. दीर्घिकासमूहांतील सर्वांत तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिकांची दीप्ती सर्वत्र जवळजवळ सारखीच असते, असे धरून ते अंतरे काढीत. या मोजमापांतून प्रसरण कधीतरी थांबेल आणि विश्व पुन्हा आकुंचन पावेल, असा कौल दिसत होता. टिन्स्ली यांचा आक्षेप साधा होता. दूरची दीर्घिका म्हणजे तरुणपणीची दीर्घिका. ती तेव्हा अधिक तेजस्वी असणार. हा बदल गणितात घेतला, की प्रसरण मंदावण्याचा भास बराचसा ओसरतो. सँडेज यांनी हा परिणाम नगण्य मानला होता. वाद बरीच वर्षे चालला. मोठ्या दीर्घिका लहान दीर्घिका गिळून अधिक तेजस्वी होतात, हे पुढे लक्षात आल्याने हिशेब आणखी गुंतागुंतीचा झाला. पण दीर्घिकांचा मापदंड म्हणून डोळे झाकून वापर करता येत नाही, हा टिन्स्ली यांचा मुद्दा टिकला.

१९७४ मध्ये रिचर्ड गॉट, जेम्स गन आणि डेव्हिड श्राम यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी निरनिराळे पुरावे एकत्र मांडून विश्व अखंड प्रसरण पावत राहील, असे प्रतिपादन केले. १९७५ मध्ये गन यांच्यासोबत तर त्यांनी प्रसरण प्रवेगी असण्याची शक्यता 'नेचर'मध्ये मांडली. त्या वेळची निरीक्षणे हा भार पेलण्याइतकी पक्की नव्हती. अतिनवताऱ्यांच्या आधारे प्रवेगाचा पुरावा हाती आला तो १९९८ मध्ये.

मानाचा ॲनी कॅनन पुरस्कार १९७४ मध्ये मिळूनही डल्लासमध्ये त्यांना मनाजोगे स्थान मिळाले नाही. त्याच वर्षी घटस्फोट झाला. दत्तक घेतलेल्या दोन मुलांपासून दूर जाण्याची किंमत मोजून त्या १९७५ मध्ये येल विद्यापीठात रुजू झाल्या. (पुरुष शास्त्रज्ञाच्या चरित्रात हे वाक्य लिहिण्याची वेळ क्वचितच येते.) येल येथील काळ सर्वांत फलदायी ठरला. १९७७ मध्ये दीर्घिकांच्या उत्क्रांतीवर तेथे भरलेली परिषद या विषयातील मैलाचा दगड मानली जाते. पुढल्याच वर्षी रिचर्ड लार्सन यांच्यासह त्यांनी दाखवून दिले, की विचित्र आकाराच्या दीर्घिकांचे रंग इतके विखुरलेले असण्यामागे दीर्घिकांच्या परस्परांवरील ओढीमुळे एकाएकी होणारी ताऱ्यांची निर्मिती आहे.

१९७८ मध्ये त्या येलमध्ये खगोलशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या तेथील पहिल्या महिला. त्याच वर्षी त्वचेच्या कर्करोगाचे निदान झाले. उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. २३ मार्च १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी पाठवलेला अखेरचा शोधनिबंध नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी १९८६ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देते, आणि न्यूझीलंडच्या फिओर्डलँडमधील केप्लर पर्वतरांगेत एका शिखराला २०१० मध्ये माउंट टिन्स्ली हे नाव देण्यात आले.