बाईंनी आणलेल्या बिया

लेकीच्या ऑरेगॉनमधल्या अंगणात थंडी सोसणाऱ्या छोट्या किवीचे वेल आहेत. फळ बोराएवढं, गुळगुळीत, सालीसकट खायचं. "बाबा, शेजारी नर वेल हवाच, नाहीतर फळ धरत नाही," ती म्हणाली, आणि मला या फळाच्या मोठ्या, केसाळ भावंडाची गोष्ट आठवली.

न्यूझीलंडमधल्या वांगानुईच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर १९०४ साली चीनहून त्याच्या बिया घेऊन आल्या. त्याच काळात इंग्लंड-अमेरिकेत लावलेले वेल नर निघाले. बाईंच्या बियांतून मात्र नर-मादी दोन्ही उगवले, आणि १९१० मध्ये फळं आली. 'किवी' हे नाव १९५९ चं.

मीही पस्तीस वर्षं शिकवलं. कुठे काय रुजलं, कोण जाणे!