जाकड, महजर आणि सही : परत आलेल्या मालाची गोष्ट



आजचा विषय आहे खेळाडूंच्या सह्या असलेल्या वस्तूंचा ऑनलाइन व्यापार, आणि त्यातही विकलेली वस्तू परत आली तर काय करायचं, हा प्रश्न. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे कुठून आलं, असं काहींना वाटलं असेल. पण आपण गोडदेवमध्ये बसलो आहोत, तेव्हा सुरुवात भांड्यांपासून करू. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. भांड्याच्या दुकानात आपण डबा पसंत करतो, पैसे देतो, मग दुकानदार विचारतो, "नाव घालायचं का?" मशीन घरघरतं, डब्यावर नाव उमटतं, आणि त्या क्षणापासून तो डबा दुकानात परत जात नाही. हा नियम कुठे लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना ठाऊक असतो.

सही केलेली बॅट किंवा चेंडू हा याच्या बरोबर उलटा प्रकार. तिथे नाव पडलं म्हणूनच वस्तूला किंमत येते, आणि वस्तू परत येते तीही बहुतेकदा त्या नावावरूनच.

आमच्या परिचयातल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. त्याने एका माजी रणजीपटूकडून समोरासमोर सही घेतलेला चेंडू ऑनलाइन विकला. नवव्या दिवशी खरेदीदाराचा निरोप आला : सही खोटी वाटते, पैसे परत करा. त्याने भांडण नको म्हणून पैसे परत केले. चेंडू आला. खोकं उघडून तो बराच वेळ बघत बसला. सही तशीच दिसत होती, पण शिवणीपासून जरा लांब वाटत होती. त्याच्याकडे विक्रीच्या वेळचा एकच फोटो होता, तोही समोरून, धूसर. हा आपलाच चेंडू की दुसरा, हे त्याला स्वतःलाच सांगता येईना. पैसे गेले याचं त्याला तितकं वाईट वाटलं नाही. ज्या हाताने सही होताना त्याने पाहिली होती, त्या सहीबद्दल त्याच्याच मनात शंका शिरली, हे त्याला लागलं.

त्याची चूक नेमकी कुठे झाली, हे शोधताना आम्हाला आपल्याकडचे तीन जुने शब्द आठवले : जाकड, मर्यादा आणि महजर.

पहिला शब्द जाकड. लग्नाच्या बस्त्याला दुकानातून पाच-सहा साड्या घरी आणायच्या, बायकांनी बघायच्या, पसंत पडतील त्या ठेवायच्या आणि बाकीच्या परत करायच्या, याला जाकड आणणं म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी कोशातही हा शब्द आहे. मुंबईच्या हिरेबाजारात जांगड चिठ्ठीवर आजही माल फिरतो. जाकडीत माल ग्राहकाच्या घरी असतो, पण मालकी दुकानदाराची असते. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याने हा व्यवहार कलम २४ मध्ये घेतला. त्याचा सारांश असा : ग्राहकाने पसंती कळवली, किंवा मालकासारखा वापर केला, किंवा नकार न कळवता ठरलेल्या मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, की माल त्याचा झाला. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी मुदत धरायची.

आज मोबाइलवर "सात दिवसांत परत" अशी ओळ दिसते तेव्हा आपल्याला ते नवं वाटतं. पण मुदत घालून माल घरी बघू देणं ही जाकडीचीच रीत आहे. एक मात्र लक्षात ठेवा. केवळ मन बदललं म्हणून माल परत करण्याचा हक्क आपल्याकडे कायद्याने सरसकट मिळत नाही. तो ठरलेल्या अटीने मिळतो. म्हणून अट आधी लिहिलेली हवी : किती दिवस, टपालखर्च कोणाचा, आणि काचेच्या चौकटीतून वस्तू बाहेर काढली तर काय.

पण सही खोटी असेल तर ते जाकडीचं प्रकरण राहत नाही. वर्णन करून विकलेला माल वर्णनासारखाच असला पाहिजे, हे त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. कलम ४३ तर विक्रेत्यांना सहसा माहीतच नसतं : माल नाकारण्याचा हक्क असलेल्या ग्राहकाने नकार कळवला की पुरे, वेगळं काही ठरलं नसेल तर तो परत पोचवण्याचं बंधन त्याच्यावर नाही. पुढे २३ जुलै २०२० रोजी ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आले. सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असं ते सांगतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही त्यात आहे. घरातली एखादी वस्तू स्वतःपुरती विकणाऱ्या माणसाला हे नियम लागू नाहीत. नियमितपणे धंदा करणाऱ्याला आहेत. तेव्हा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी खोट्या सहीला वाचवू शकत नाही.

आता सही खरी की खोटी हे ठरवायचं कसं? इथे तिसरा शब्द आधी घेऊ, महजर. वतनाचा वाद पडला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमायचे, दोन्ही बाजूंचे कागद आणि साक्षी पाहायचे. कागद बनावट असल्याचे आरोप तेव्हाही व्हायचे. निर्णय झाला की त्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्यांची नावं पडत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या अवजाराची खूण करी; पाटलाची निशाणी नांगर. आता नांगराचं चित्र कोणीही काढू शकतो. तरी ते चाले, कारण ते काढलं तेव्हा गाव समोर बसलेलं होतं. खुणेचा भरवसा खुणेत नव्हता, तो पाहणाऱ्यांत होता.

हीच गोष्ट अमेरिकेने फार मोठी किंमत मोजून शिकली. १९९० च्या दशकात तिथल्या एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढली. बेसबॉलपटूंच्या खोट्या सह्या करणाऱ्या टोळ्या तिच्यात सापडल्या. मदर तेरेसांची खोटी सही असलेला बेसबॉलही मिळाला! खरेदीदार ज्या प्रमाणपत्रावर विसंबत होते, तेही या टोळ्या बनावट तयार करत. म्हणजे एका कागदाची साक्ष दुसरा कागद देत होता आणि दोन्ही खोटे होते. सान डिएगो संघाचा टोनी ग्विन याला तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या आढळल्या. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने नवी पद्धत आणली. सही होताना किंवा वस्तू मैदानाबाहेर येताना एक तटस्थ साक्षीदार हजर असतो, आणि तो तिथेच क्रमांकाचा होलोग्राम चिकटवतो. आमच्या मते हा महजरच आहे.

सही नंतर तपासणारे तज्ज्ञ असतात. ते अक्षराचं वळण, शाई, दाब पाहून मत देतात. ती पारख. सही होताना पाहिलं ती साक्ष. दोन्हींना जागा आहे, पण विकताना आपल्याकडे यातलं काय आहे हे सरळ लिहावं. पारख असेल तर "साक्ष" म्हणू नये.

आपल्याकडे एक गोंधळ तर शब्दांतूनच होतो. दुकानात मिळणाऱ्या बॅटवर खेळाडूची सही कारखान्यात छापलेली असते, तिला 'सिग्नेचर' बॅट म्हणतात. 'साइन्ड' बॅट म्हणजे हाताने सही केलेली. फसवण्याचा हेतू नसलेला विक्रेताही हे दोन शब्द अदलाबदल करतो, आणि माल परत येतो. मग दोष ना सहीचा ना ग्राहकाचा, दोष वर्णनाचा.

या वस्तूंची किंमत किती चढू शकते ते पाहा. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने ज्या बॅटने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, ती त्याच वर्षी लंडनमधल्या धर्मादाय लिलावात एक लाख पौंडांना गेली. लाकूड इतर बॅटींसारखंच. एवढी किंमत आली ती ही तीच बॅट आहे या खात्रीला.

आणि 'ही तीच आहे' इथेच मधला शब्द येतो, मर्यादा. शिवकालीन पत्रांवर वर मुद्रा असे आणि मजकूर संपला की शेवटी मर्यादेची मुद्रा. पत्र इथे संपलं, याखाली कोणी ओळ वाढवू नये, हा तिचा अर्थ. पत्र हातातून गेल्यावर वाटेत त्याचं काय होईल, याचा विचार पाठवणाऱ्यानेच आधी करून ठेवला होता. आमच्या तरुणाने नेमकं हेच केलं नव्हतं.

आपल्याकडे ऑनलाइन विक्री सुरू झाली तेव्हा पहिला धाक पैशाचा होता. २००० मध्ये मुंबईत 'बाझी' सुरू झालं, २००४ मध्ये ते ईबेने घेतलं. त्यांच्या 'पैसापे' व्यवस्थेत खरेदीदाराचे पैसे आधी मध्यस्थाकडे थांबत आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळत. ईबेचं भारतातलं ते दुकान २०१८ मध्ये बंद झालं, पण पैसे मधे थांबवण्याची कल्पना रुळली. वस्तू मात्र अशी मधे कुणाकडे थांबत नाही. गेलेली वस्तूच परत आली का, हे बघण्याचं काम विक्रेत्याकडेच राहतं.

म्हणून आमचं सांगणं थोडक्यात असं. सही घेताना तारीख, जागा आणि सोबत कोण होतं हे लिहून ठेवा. शक्य असेल तर सही होतानाचा फोटो घ्या. विकण्याआधी वस्तूचे जवळून फोटो काढा : बॅटीच्या लाकडाच्या रेषा सहीला कुठे छेदतात, चेंडूची शिवण सहीपासून किती अंतरावर आहे, कुठे ओरखडा आहे. लाकडाच्या रेषांची नक्कल कुणाला करता येत नाही. क्रमांकाचा, काढला तर फाटणारा स्टिकर लावा, आणि तो निघाला असेल तर मन बदलल्याच्या कारणाने परत घेणार नाही असं आधीच सांगा. भरताना आणि परत आलेलं खोकं उघडताना न थांबवता चित्रीकरण करा. वस्तू जुळवून मग पैसे परत करा, आणि ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने करा. सही खोटी असल्याची तक्रार आली तर मुदत संपली म्हणून दार लावू नका. दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्याकडून पारख करून घ्या, आणि खोटी निघाली तर पैसे द्या. खोटी ठरलेली वस्तू मात्र पुन्हा विकायला काढू नका. तसं केलंत तर त्या टोळ्यांत आणि आपल्यात फरक उरणार नाही.

त्या तरुणाने तो चेंडू विकला नाही. तो खराही असेल. पण आता तो आपल्या तोंडाने तसं सांगू शकत नाही, म्हणून चेंडू घरातच आहे. पुढच्या वेळी सही घ्यायला जाताना त्याने एका मित्राला सोबत नेलं. मित्राने फोटो काढला आणि वहीत खाली आपलंही नाव लिहिलं. महजराची कल्पना त्याला आम्ही दिली नव्हती, त्याची त्यालाच सुचली.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.