भरीत, बडगी आणि वॅगनची वाट

आमच्या सावद्यात पुरुषमाणसं हिवाळ्यात चार-दोनदा स्वयंपाक करतात आणि त्याचं कौतुक आम्हा बायकांना वर्षभर ऐकावं लागतं. स्वयंपाक म्हणजे भरीत. तेही घरात नाही, मळ्यात, केळीच्या बागेच्या कडेला. पाहुणे जेवून तृप्त होतात, भरीत घोटणाऱ्याची पाठ थोपटतात आणि निघतात. बरोबरच्या कळण्याच्या भाकरी कुठून आल्या हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं मला आठवत नाही.

मी 1974 साली लग्न होऊन इथे आले. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत. त्यांच्या तोंडी सावदा हे गावाचं नाव नव्हतंच, ते 'लोडिंग'चं नाव होतं. रावेर, निंभोरा, सावदा: केळीच्या वॅगनी भरणारी स्टेशनं. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी ही लाइन एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पडली. तेव्हा सावदा तालुक्याचं ठिकाण होतं. तो मान पुढे रावेरकडे गेला. सासरी अजूनही कुणी तरी याबद्दल हळहळतं, जणू कालच झालं.

स्टेशन गावाबाहेर, लांब. घड कापायचे, बैलगाड्यांतून तिथे न्यायचे, वॅगनमध्ये केळीच्याच पानांचा थर देऊन रचायचे. हे सगळं वॅगन लागली तर. नाही लागली, तर कापलेला घड कुणासाठी थांबत नाही. म्हणून कापणीचा दिवस वॅगनच्या खबरीवर ठरायचा, आणि तोवर दिल्लीकडचा व्यापारी किंवा त्याचा माणूस इथेच अडकलेला असायचा. दोन दिवस, कधी चार. गावात उतरायला धड जागा नव्हती. मग तो कुणाच्या तरी ओट्यावर उतरायचा आणि दुपारी जेवायला बागेत.

बागेतच का, ते ज्याने खानदेशातला उन्हाळा भोगलाय त्याला सांगावं लागत नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री, जमीन तापलेली, आणि शेवरीचं कुंपण ओलांडून आत गेलं की ओल, सावली, पानांची सळसळ. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, नव्या माणसाला आधी बागेत न्यायचे, भावाचं बोलणं नंतर. तेव्हा बसराई होती, बुटकी जात. माणूस उभा राहिला तर पानं डोक्याला लागायची, म्हणून खालीच बसायचं. पान खाली, माणूस खाली. भाव ठरवायला याहून चांगली बैठक नाही, असं आबा म्हणायचे. पोट भरलेला व्यापारी घासाघीस करतो, पण उठून जात नाही.

हिवाळा लागला की भरीत. चातुर्मासात वांगं वर्ज्य. कांदेनवमीला शेवटचं खाऊन सोडायचं, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच पुन्हा ताटात घ्यायचं. त्या आठवड्यापासून मळ्यामळ्यातून धूर दिसू लागतो. वांगी बामणोदची, आसोद्याची, भादलीची: हिरवी, मोठी, कमी बियांची. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. आमच्या सासूबाई तेव्हा असत्या तर म्हणाल्या असत्या, सरकारला आता कळलं होय.

भाजायला शहरात गॅस लागतो. इथे पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कपाशी आणि तूर निघाल्यावर उरलेल्या काड्या. भरिताचा हंगाम आणि या जळणाचा हंगाम एकच आहे, हे लक्षात घेतलं की हा पदार्थ मळ्यातच का जन्मला ते समजतं. काड्या रचायच्या, वर वांगी, खाली जाळ. साल काळी पडून सुटू लागली की हाताने सोलायची. मग बडगी. एका ओंडक्याची कोरलेली लाकडी बडगी, तिच्यात वांगी, भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, आणि वरून मुसळाने ठेचायचं. कढईत तेल, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, कांद्याची पात, त्यावर ठेचलेलं भरीत. लोखंडी भांड्यात ठेचलं तर तीच चव येत नाही. असं का, ते मला शास्त्राने सांगता येणार नाही, जिभेने सांगते.

आणि भाकरी घरी. ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. चाळीस माणसांची पार्टी असली की मी आणि जाऊ पहाटे चारला चुलीशी बसायचो. साठ भाकरी. फडक्यात बांधून गाडीवर चढवायच्या, की आमचं काम संपलं. मळ्यात आम्हाला बोलावणं नसे. नंतर पाहुणे गेल्यावर उरलंसुरलं भरीत घरी यायचं, गार, आणि खरं सांगते, ते गरमपेक्षा चांगलं लागतं. ही गोष्ट आम्ही पुरुषांना कधी कळू दिली नाही.

पाहुणचाराची सगळ्यात मोठी परीक्षा मात्र माझ्या आधीची. डिसेंबर 1936. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन शेजारच्या फैजपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव, आणि बांबू-तट्ट्यांचं सगळं नगर नंदलाल बोसांनी सजवलेलं. फैजपूरला रेल्वे स्टेशन नाही, म्हणून माणसं आमच्या सावद्याला उतरली. आमच्या आजेसासूबाई त्या अधिवेशनाबद्दल एकच सांगायच्या: कोण काय बोललं ते ठाऊक नाही, पण ओट्यावर अनोळखी माणसं झोपलेली होती आणि दळण चौथ्या दिवशी संपलं. "पाव्हना उपाशी गेला आस्ता त आपली काय इज्जत राह्यली आस्ती?" इतिहासाच्या पुस्तकात ठराव असतात, जातं कुणी ओढलं ते नसतं.

पगारी पाहुणचार मी पाहिला तो दोन वर्षांपूर्वी, मुलाने अंदमानला नेलं तेव्हा. स्वराज द्वीप, जुनं नाव हॅवलॉक. समुद्रालगतचं छोटंसं रिसॉर्ट, झावळ्यांच्या छपराच्या झोपड्या. उतरताच गळ्यात माळ, हातात शहाळं. जेवण केळीच्या पानावर. पानाचं टोक माझ्या उजव्या हाताला आलं होतं. मी हळूच डावीकडे फिरवून घेतलं. वाढणारा पोरगा झारखंडचा निघाला, गावाकडे आई एकटी. दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचा, आणखी भात, आणखी डाळ? माया खोटी नव्हती, पण त्याला तसं विचारायचा पगार होता. मुलगा म्हणाला, आई, किती छान पाहुणचार. मी मान हलवली. मनात आबा आले. त्यांनाही कुठे फुकट जेवू घालायचं होतं? बाग होती, माल होता, वॅगन यायची होती. तरी वांगी संपली असताना आलेल्या माणसाला त्यांनी कधी परत पाठवलं नाही. मग आम्हाला निरोप यायचा, पिठलं टाका.

आता वॅगनची वाट नाही. माल ट्रकमधून जातो, फोनवर मालाच्या प्रकारानुसार भाव कळतो: नवती, पिलबाग, वापसी. बसराई गेली, टिश्यू कल्चरची ग्रँड नैन आली, उंच. खाली बसायची गरज उरली नाही. शेवरीच्या जागी हिरवी नेट. 2021 साली तांदलवाडीहून बावीस टन केळी दुबईला गेली. तो खरेदीदार इथे ओट्यावर झोपला नसणार. भरीत पार्टीला आता पुण्या-मुंबईचे लोक पैसे मोजून येतात, माणशी दर ठरलेला. वाईट वाटत नाही मला. भाकरीचे पैसे मिळतात, तेही आमच्या बचतगटाच्या नावावर.

गेल्या मार्गशीर्षात कापणी अडली. मजूर आले नाहीत, ट्रक आमच्या बागेशी दिवसभर उभा. ड्रायव्हर राजस्थानचा, निंबाखाली चटई टाकून पडलेला. आमच्या यांनी बडगी काढली, पण सत्तरी उलटलेल्या माणसाच्या हाताला मुसळ पेलेना. मग मीच घेतलं. भरीत ठेचायची माझी पहिलीच वेळ, पन्नास वर्षांत. ड्रायव्हरने तीन भाकरी खाल्ल्या आणि सांगितलं, मिरची जास्त झाली. यांना फार आनंद झाला.