रिव्हॉल्वरचा वांकडा नेम

ता. २१ जुलै १८६५ रोजीं संध्याकाळीं अमेरिकेंतील मिसूरी राज्याच्या स्प्रिंगफील्ड गांवीं, भर चौकांत, दोन इसम एकमेकांसमोर उभे ठाकले. एकाचें नांव जेम्स हिकॉक, दुसऱ्याचें डेव्हिस टट. तंटा जुगारांतील देण्याचा होता. त्या देण्यापोटीं टटनें हिकॉकचें घड्याळ उचललें होतें, आणि वर तें तो उघड मिरवीत होता. दोघांमधील अंतर सुमारें ७५ वार. बार जवळजवळ एकदमच झाले. टटची गोळी फुकट गेली. हिकॉकची त्याच्या बरगडींत शिरली आणि थोड्याच वेळांत तो गतप्राण झाला.

हिकॉकच्या हातीं कोल्टचें १८५१ सालच्या नमुन्याचें ‘नेव्ही’ रिव्हॉल्वर होतें असें सांगतात. त्या शस्त्राची रचना ज्याला ठाऊक आहे, त्याला या नेमाचें नवल वाटल्यावांचून राहात नाहीं.

नेम दोन खुणांनीं धरितात. नळीच्या तोंडाशीं असते ती माशी आणि डोळ्याजवळ असते ती खांच. सॅम्युएल कोल्टला आपल्या फिरत्या पिस्तुलाचें अमेरिकन पेटंट १८३६ सालीं मिळालें. त्याच्या या रिव्हॉल्वरांत माशी नळीवर होती. परंतु गोळ्यांच्या चक्रावरून जाणारी, नळी आणि मूठ यांना सांधणारी पट्टीच तींत नव्हती. मग खांच ठेवावयाची कोठें? ती घोड्याच्या माथ्यावर कोरलेली असे. घोडा चढविला कीं ती डोळ्यासमोर येई. युक्ति सुटसुटीत खरी. पण घोडा हा हलणारा भाग. ज्या खिळ्यावर तो फिरे तो खिळा झिजला कीं घोडा किंचित् डावा-उजवा डुलूं लागे. नळीही एका आडव्या पाचरीनें अडकविलेली. म्हणजे नेमाचीं दोन्ही टोकें ढिलीं!

हें ढिलेपण किती महाग पडे, याचा हिशेब मॅट्रिकच्या वर्गांतील मुलालाही करितां येईल. दोन खुणांमध्यें ९ इंच अंतर धरावें. ७५ वार म्हणजे २,७०० इंच, अर्थात् त्याच्या ३०० पट. खांच इंचाचा शंभरावा भाग बाजूला सरली, तर गोळी ३ इंच बाजूला जाणार. डुल त्याच्या तिप्पट असला तर ९ इंच. मग बरगडी कसली, अंगरख्याची बाहीसुद्धां लागावयाची नाहीं.

१८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनांत कोल्टच्या मालाबरोबर रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराचें रिव्हॉल्वरही मांडलेलें होतें. त्याची नळी आणि सांगाडा एकाच लोखंडांतून घडविलेला; चक्रावरून भक्कम पट्टी गेलेली. कोल्टच्या कंपनीनें अमेरिकन लष्कराला पुरविलेल्या कमरेच्या रिव्हॉल्वरांत अशी पट्टी आली ती १८७३ सालीं, खुद्द कोल्ट मरून अकरा वर्षें झाल्यावर. घोड्यावरची खांच आतां पट्टीवरील लांबट खोबणीच्या रूपानें स्थिर झाली.

डुल गेला, पण दुसरीच अडचण आली. या नव्या रिव्हॉल्वरची नळी मळसूत्रानें सांगाड्यांत बसविलेली असे. ती केसभर जास्त किंवा कमी पिळली गेली तर माशी सरळ उभी न राहतां कलती राही, आणि तें शस्त्र जन्मभर एका अंगाला मारी. यावरचा उपाय नवख्याला उलटा वाटतो. गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडेच न्यावयाची! कारण नेम धरणारा ती पुन्हां खोबणीच्या मध्यावर आणतो, आणि तसें करितांना नळीचें तोंड आपोआप उजवीकडे वळतें. म्हणून डावीकडे मारणाऱ्या रिव्हॉल्वरची नळी कारागीर अंमळ आवळी, उजवीकडे मारणाऱ्याची अंमळ उलटी फिरवी. सांगाड्याला पीळ पडूं न देतां हें साधणें मोठें जिकिरीचें. ज्याच्यापाशीं तेवढें साधन नसे तो कानस उचली. डावीकडे मारणाऱ्या शस्त्राच्या माशीची उजवी कड घासावयाची, किंवा खोबण उजव्या अंगाला रुंद करावयाची.

पण कानशीनें गेलेलें लोखंड परत येत नाहीं. यास्तव दोष कोणाचा हें आधीं ठरविणें, हेंच या धंद्यांतील खरें कसब. उजव्या हाताचा मनुष्य चाप हळू न दाबतां हिसकून ओढतो तेव्हां नळीचें तोंड बहुधा डावीकडे जातें. त्याचा हात सुधारण्याचें सोडून शस्त्र घासलें, तर पुढच्या मालकाच्या हातीं तें उजवीकडे मारणार. तेव्हां प्रथम हात टेकवून आणि दुसऱ्या नेमबाजाकडूनही बार काढवून पाहावे लागत. मग चक्रांतील कोठ्यांची परीक्षा. सहांपैकीं एकाच कोठीची गोळी भरकटत असेल, तर माशी निर्दोष. ती कोठीच नळीशीं नीट जुळत नाहीं. चक्र अडविणारी खीळ झिजली असली तर बार होतांना शिशाचा कीस बाजूनें उडतो. तेथें माशी कितीही घासली तरी व्यर्थ. एवढी चौकशी करण्याइतका धीर थोड्यांनाच असतो, आणि चांगलीं जुनीं रिव्हॉल्वरें विद्रूप होतात तीं बहुतेक या उतावळेपणानेंच.

इंग्लंडांत बिस्ले येथें १८९० सालापासून नेमबाजीचे मोठे सामने भरूं लागले. तेथें तर अर्ध्या इंचाचा फरकही सलणारा. १८९४ सालीं कोल्ट कंपनीनें त्याच गांवाचें नांव देऊन जें रिव्हॉल्वर काढलें, त्याच्या चांदमारीसाठीं केलेल्या प्रकारांत खांचेचा तुकडा आडवा सरकवितां येई आणि माशी वर-खालीं करितां येई. कानशीची गरजच उरली नाहीं.

शिपायाच्या कमरेचें शस्त्र मात्र घोड्यावर, चिखलांत, खंदकांत आपटत असतें. सरकवितां येणारी खांच तेथें आपण होऊनही सरकेल. इंग्रजी फौजेनें १८८७ सालीं स्वीकारलेलें वेब्ली रिव्हॉल्वर हिंदुस्थानांतील गोऱ्या अंमलदारांच्या कमरेला पुढें अनेक वर्षें दिसे. त्याच्याही खुणा अचलच होत्या. १९१५ सालीं त्याचा सहावा नमुना निघाला. त्याच्या सहा इंची नळीवर माशीचें पातें एका बारीक स्क्रूनें बसविलेलें होतें. पातें वाजवीपेक्षां अधिक घासलें गेलें, तर शस्त्रागारांतील कारागीर स्क्रू काढून तेथें दुसरें बसवूं शके.