नव्या वाड्यांतील जुना कारभारी

पुण्याहून पौडच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें कीं मुळशी तालुका लागतो. हें नांव उच्चारतांच महाराष्ट्राला १९२१ सालचा सत्याग्रह आठवतो. टाटा कंपनीच्या धरणाखालीं जाणाऱ्या जमिनी वांचविण्यासाठीं मावळे सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं उभे राहिले. धरण मात्र झालें, आणि १९२७ पासून त्या पाण्यावर भिरा येथें वीज निर्माण होऊं लागली. याच तालुक्याच्या पूर्वेकडील कडेला हिंजवडी आहे. तेथें गेल्या शतकाच्या अखेरीपासून संगणक-उद्योगाची एक नगरीच वसली आहे. एका टोकास बुडालेलें जुनें आणि दुसऱ्या टोकास नव्याची पेठ, असा हा तालुका पाहिला म्हणजे मनांत प्रश्न येतो : नवें आलें कीं जुनें गेलेंच पाहिजे काय? आज या प्रश्नाचा विचार आपण संगणकाच्या इतिहासावरून करूं.

संगणकांत एक तर प्रत्यक्ष यंत्र असतें, आणि दुसरी त्याचा सारा व्यवहार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्र हा वाडा मानला तर सिस्टिम हा त्याचा कारभारी होय. कोठी कोठें, विहीर कोठें, कोणती किल्ली कोणत्या कुलुपाची, हें सर्व त्याला ठाऊक. घरच्या मंडळींनीं हुकूम सोडावा आणि त्यानें तो बजवावा. आतां वाडा नवा बांधला आणि कारभारी मात्र जुनाच ठेवला, तर काय होईल? विंडोज ९८ या सिस्टिमीस ५१२ मेगाबाइटांहून अधिक स्मृति दिली कीं ती गोंधळून पडे. घर फार ऐसपैस झालें हीच तिची अडचण! २००१ सालच्या विंडोज एक्स्‌पीला पुढील काळांतील तबकड्यांची ओळखच पटत नसे, आणि ती ओळख फ्लॉपीवरून करून द्यावी, तर नव्या यंत्रांत फ्लॉपीची खांचच उरली नव्हती.

मग नवा कारभारी कां नेमूं नये, असें कोणी विचारील. त्याचें कारण आपण व्यवहारांत नेहमीं पाहतों. घरचा सारा हिशेब जुन्याच्या वहींत असतो, आणि त्याची लिपि नव्यास लागत नाहीं. कारखान्यांतील कातकामाचें यंत्र दशकानुदशकें चालतें. त्याच्या शेजारचा संगणक मात्र थोड्याच वर्षांत जुना होतो. संगणक बदलला तरी त्या यंत्राशीं बोलणारी भाषा जुनीच हवी.

या अडचणीचा पहिला मोठा प्रसंग अमेरिकेंत आला. आय. बी. एम. कंपनीचें १९५९ सालचें १४०१ हें यंत्र असंख्य कचेऱ्यांतून पगाराचे व विम्याचे हिशेब करीत होतें. ७ एप्रिल १९६४ रोजीं कंपनीनें ३६० या नांवाची अगदीं निराळ्या घडणीची यंत्रमालिका जाहीर केली. परंतु ‘तुमच्या जुन्या आज्ञावल्या फेंकून द्या,’ असें गिऱ्हाइकांस सांगण्याची सोय नव्हती; कारण १४०१ चें काम उचलूं शकणारें यंत्र हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीनें चारच महिन्यांपूर्वीं पुढें आणलें होतें. तेव्हां ३६० च्या कांहीं यंत्रांच्या पोटांतच १४०१ चें सोंग घेण्याची युक्ति बसविण्यांत आली. पुढें १९७२ मध्यें त्याच कंपनीनें व्हीएम/३७० काढून एका यंत्रांत अनेक कल्पित यंत्रें उभीं केलीं. प्रत्येक कल्पित यंत्रांत निराळा कारभारी नांदूं लागला, आणि आपण खऱ्या वाड्यांत नाहीं, हें त्याच्या गांवींहि नव्हतें!

आपल्याकडील कथा निराळी आहे. परकीय चलनाच्या कायद्यावरून बिनसून आय. बी. एम. १९७८ सालीं हिंदुस्थानांतून निघून गेली. तिचीं यंत्रें मात्र येथेंच राहिलीं. त्यांची देखभाल सी. एम. सी. या सरकारी कंपनीनें पत्करली. कर्ता परागंदा झाला, तरी घर चालूं राहिलें!

त्याच वर्षीं इंटेल कंपनीनें ८०८६ हा प्रक्रियक काढला. त्याचे आजचे वंशज त्याच्याहून कित्येक पटींनीं बलवान आहेत. तथापि वीज मिळतांच क्षणभर तेहि या पूर्वजाच्याच चालीनें वागतात, आणि मग आपलें खरें रूप धारण करतात. २०२३ सालीं इंटेलनें हा वारसा टाकण्याचा विचार मांडला, आणि २०२४ मध्यें तो सोडून दिला. जुन्याचें ओझें टाकणें इतकें सोपें नसतें.

येथपर्यंतची गोष्ट दूरची वाटेल. पण ती आपल्या मराठीच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपली आहे. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें जन्मलेल्या जिस्ट तंत्राला तिनें पुढें नेलें, आणि डॉसवर चालणाऱ्या संगणकांत देवनागरी उमटूं लागली. पुण्याच्याच श्री-लिपीनें छापखान्यांची सोय केली. परंतु प्रत्येकाच्या फॉन्टाचे संकेत निराळे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरी होती; तरी विंडोजमध्यें तिची नीट व्यवस्था २००० सालीं लागली. मधल्या काळांत जुळविलेला मराठी मजकूर त्या त्या फॉन्टाशीं व त्या काळच्या पेजमेकरशीं जखडून राहिला.

समजा, १९९६ सालीं एका गृहस्थानें आपल्या वडिलांच्या आठवणी संगणकावर जुळवून घेतल्या. आज नातवानें ती फाइल उघडली तर आजोबांच्या शब्दांऐवजीं त्याला रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. मजकूर नाहींसा झालेला नाहीं. तो वाचणारा कारभारी तेवढा गेला आहे.

त्याला परत बोलावतां येतें. १९९९ पासून घरगुती संगणकांतहि व्हीएमवेअरसारख्या साधनानें कल्पित यंत्र उभारतां येतें, आणि त्यांत जुनी विंडोज नांदवितां येते. मात्र तिला बाहेरच्या जाळ्याशीं जोडूं नये. विंडोज एक्स्‌पीचा सांभाळ कर्त्या कंपनीनें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविला, आणि मे २०१७ मध्यें वॉनाक्राय या उपद्रवानें जुन्या व दुर्लक्षित सिस्टिमींचा धोका जगाला दाखविला. बंद खोलींत बसवून या कारभाऱ्याकडून एवढेंच काम घ्यावें : त्याची वही नव्या लिपींत, म्हणजे युनिकोडमध्यें, उतरवून घ्यावी.

या कामीं विलंब लावल्याचें फळ आपण एकदां भोगलें आहे. पेशवे दफ्तरांतील मोडी कागद पुण्यांत आजहि आहेत. कागद टिकले, शाई टिकली. परंतु शाळांतून मोडी गेली, आणि तीं पानें वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. मोडीला दोन पिढ्या लागल्या. संगणकाच्या लिपीला वीस वर्षेंहि लागलीं नाहींत.

जमीन व घरदार गमावणाऱ्या मावळ्यांच्या दुःखाशीं कोणी या गोष्टीची बरोबरी करूं नये. तरीहि मुळशीचें पाणी एक शिकवण देतें : जें वांचवावयाचें तें पाणी चढण्यापूर्वीं बाहेर काढावें लागतें. आपल्या कपाटांतील जुन्या तबकड्या या आठवड्यांत एकदां काढून पाहाव्या, एवढीच माझी विनंति.