वैद्याची सनद

आमच्या खानापूरकडच्या जुन्या घरात, माजघराच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक कागद चौकटीत बसवून टांगलेला असे. एका कोपऱ्याला वाळवी लागलेली, काचेला तडा गेलेला. मुंबई सरकारच्या कायद्याखाली आजोबांचे नाव वैद्यांच्या यादीत दाखल झाल्याचा तो कागद. आजोबांना मी पाहिलेले नाही, पण दसऱ्याला आजी त्या चौकटीलाही झेंडूचे फूल वाहत असे, एवढे आठवते. पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो आणि दाखल्यांवर सह्या करण्यात आयुष्याचा बराच भाग गेला. शाळा सोडल्याचा दाखला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला, जन्मतारखेचा दाखला! सही करताना कधीकधी तो वाळवी लागलेला कागद डोळ्यांपुढे येई आणि वाटे, झाडपाल्याचे औषध देणाऱ्या माणसाला ते येते की नाही, हे आजवर कोणी, कशावरून ठरवले?

परीक्षेची सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत अवघड गोष्ट बौद्धांच्या विनयपिटकात आहे. जीवक तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला. शिक्षण कधी संपणार, असे त्याने विचारले तेव्हा गुरूने त्याच्या हातात खुरपे दिले आणि सांगितले, तक्षशिलेभोवती एक योजन फीर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. अशी एकही वनस्पती मिळाली नाही, म्हणाला. गुरूने त्याला उत्तीर्ण केले आणि वाटखर्चाला थोडे पैसे दिले. कागद काही दिला नाही.

सुश्रुताने मात्र राजाची आठवण ठेवली आहे. शास्त्र शिकलेल्या, कर्म पाहिलेल्या आणि स्वतः केलेल्या वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन मगच व्यवसायात पाऊल टाकावे, असा त्याचा दंडक. हत्यार चालवण्याचा सराव आधी कोहळ्यावर आणि भोपळ्यावर करावा, हेही तोच सांगतो. आणि चरक? वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ व रानात राहणारे लोक जाणतात, असे तो मोकळेपणाने लिहून ठेवतो. पण नाव-रूप कळले म्हणजे उपयोग कळला असे नव्हे, हेही लगेच बजावतो. आमच्या पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ या दोन वाक्यांत आहे. झाड ओळखणारा एक, ग्रंथ जाणणारा दुसरा आणि अनुज्ञा देणारा तिसराच.

हा तिसरा माणूस परका असला म्हणजे काय होते, ते आपल्या शेजारच्या गोव्यात पाहायला मिळते. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधींवरचा आपला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. त्यात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य येतो. पोर्तुगीज या वैद्यांना ‘पंडित’ म्हणत. धर्मसभांनी ख्रिस्ती रोग्यांना हिंदू वैद्यांकडे जाण्याची मनाई केली. १५७४ मध्ये घोड्यावरून वा पालखीतून हिंडण्याचा या वैद्यांचा मान काढून घेण्यात आला. पण दुखण्याला धर्म नसतो! १५८० नंतर काही वर्षे गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन लिहितो की खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठातले साधू आपल्या देशबांधवांपेक्षा या वैद्यांवर अधिक विसंबत आणि हे वैद्य डोक्यावर छत्री धरवून रुबाबात फिरत. मनाई चालत नाही असे दिसल्यावर कायद्याने दुसरी वाट धरली. १६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने ठरवले की सरकारी मुख्य वैद्याच्या परीक्षेत उतरल्याशिवाय कोणी औषध देऊ नये आणि परवानाधारक पंडितांची संख्या तीसच्या वर जाऊ नये. परीक्षा घेणारा पोर्तुगीज, त्याचे शास्त्र गालेनचे. देणारा गोव्याचा, त्याचे शास्त्र वाग्भटाचे. या परीक्षेत प्रश्न तरी काय विचारत असतील, हे कुतूहल मला आजही आहे.

याच शतकात अगदी उलटी घटनाही घडली. मलबारातील डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींवर लॅटिन भाषेत ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन नावाच्या एळवा वैद्याने आपल्या घराण्यात चालत आलेली माहिती दिली, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या कोचीच्या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी पडताळणीचे काम केले. गोव्यातील जाचामुळे जी कुटुंबे दक्षिणेला गेली, त्यांच्याच समाजातले हे तिघे. ग्रंथातली माहिती खरी आहे, सकाळ-संध्याकाळ खपून आम्ही ती दिली आहे, असा दाखला या तिघांनी २० एप्रिल १६७५ रोजी कोकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिला आणि तो पहिल्या खंडात जसाच्या तसा छापला गेला. म्हणजे गोव्यात ज्यांच्या भाईबंदांना परकीयांपुढे परीक्षेला उभे राहावे लागत होते, तेच वैद्य कोचीत परकीयांच्या ग्रंथाला प्रमाणपत्र देत होते! नागरी अक्षरे युरोपात छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत हा दाखला मोडतो. आमच्या भागातल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात, मराठी असो वा कन्नड, तो एकदा यावा अशी माझी फार इच्छा आहे.

इंग्रजांनी सुरुवातीला दोन्ही शास्त्रे जवळ ठेवून पाहिली. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात १८२७ पासून वैद्यकाचा वर्ग होता. १८३५ मध्ये मेडिकल कॉलेज निघाले आणि तो बंद झाला. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. पुढची साठ-सत्तर वर्षे सरकारने वैद्याला फारसे छेडले नाही आणि विचारलेही नाही. खरी ठिणगी पडली ती १९१२ च्या मुंबई मेडिकल ॲक्टने. डॉक्टरांचे रजिस्टर झाले, कौन्सिल झाले आणि वैद्य त्या रजिस्टराच्या बाहेर राहिले. एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ चालले असते. पण मुंबईचे डॉ. पोपट प्रभुराम हे रीतसर एल. एम. अँड एस. असूनही घरच्या आयुर्वेद महाविद्यालयाशी संबंध ठेवतात, याबद्दल पहिल्या महायुद्धाच्या काळात कौन्सिलने त्यांच्याकडे जाब मागितला. त्याच सुमारास मद्रासेत डॉ. कृष्णस्वामी अय्यर यांच्यावर असाच प्रसंग आला. देशभर सभा झाल्या, तारा गेल्या.

वैद्यमंडळीही स्वस्थ बसली नव्हती. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिकला वैद्यसंमेलन भरवले. त्यातूनच अखिल भारतीय महासंमेलन आणि त्याचे परीक्षा घेणारे विद्यापीठ उभे राहिले. भिषक्, विशारद, आचार्य या पदव्या तिथल्या. दाजीशास्त्री १९०९ मध्ये, वयाची पंचेचाळिशीही गाठण्यापूर्वी गेले. १९१७ मध्ये अहमदनगरला गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेद महाविद्यालय काढले. बेळगावच्या शहापुरातले आयुर्वेद महाविद्यालय १९३३ चे. शेवटी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ चा ‘मुंबई वैद्यक व्यावसायिक कायदा’ झाला आणि या इलाख्यात वैद्य आणि हकीम यांना प्रथमच सरकारदरबारी नाव मिळाले. या कायद्यात एक शहाणपण होते. पदवी असणाऱ्यांसाठी रजिस्टर होते, आणि पदवी नसूनही जे आधीपासून व्यवसाय करीत आले होते त्यांच्यासाठी वेगळी यादी. आमच्या आजोबांचा कागद या यादीतला. शिकलेल्याला मान होता आणि अनुभवलेल्याला वाट होती. पण यादी कधीतरी बंद होणार, हेही त्यातच लिहिलेले होते. यादीतला वैद्य वारला की त्याचे नाव खोडायचे. त्याच्या मुलाला काय, हे कोणी विचारले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि बेळगाव जिल्ह्यातलाच चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. त्या दुखण्याविषयी या अंकाच्या वाचकांना मी वेगळे काय सांगावे! पण वैद्यांच्या बाबतीत त्याचा जो परिणाम झाला तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९६१ मध्ये महाराष्ट्राने आपला नवा कायदा केला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने म्हैसूरनेही आपले स्वतंत्र रजिस्टर केले. चंदगडचा वैद्य आणि खानापूरचा वैद्य, कालपर्यंत एकाच यादीतले, दोन राज्यांच्या दोन रजिस्टरांत गेले. सह्याद्रीला हे अर्थातच कळवले गेले नाही. अमृता, वावडिंग, हिरडा, बेहडा हद्दीच्या दोन्ही बाजूंना पूर्वीसारखेच उगवत राहिले.

आजोबांची विद्या माझ्या धाकट्या काकांकडे आली. वडील शाळामास्तर झाले, काका रानात रमले. १९७० च्या केंद्रीय कायद्याने मान्यताप्राप्त पदवीवाचून भारतीय वैद्यकाचा व्यवसाय करता येणार नाही असे ठरले. ज्यांची नावे आधीच राज्याच्या रजिस्टरात होती ते सुटले. ज्या राज्यात रजिस्टरच नव्हते तिथे पाच वर्षे व्यवसाय केलेले लोकही सुटले. आमच्याकडे रजिस्टर होते आणि काकांचे नाव त्यात नव्हते. म्हणजे दोन्हीकडून गेले.

पोस्टाने येणाऱ्या पदव्यांचा सुकाळही याच काळातला. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘वैद्यविशारद’ आणि ‘आयुर्वेदरत्न’ या परीक्षांना कायद्याच्या परिशिष्टात १९३१ ते १९६७ एवढ्याच काळापुरती मान्यता होती. १९६७ नंतरच्या प्रमाणपत्रांवर व्यवसाय करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तोवर कितीतरी पाट्या उभ्या राहिल्या होत्या. काकांकडेही एक गृहस्थ आले. पैसे भरा, चार महिन्यांत पदवी घरपोच, म्हणाले. काकांनी त्यांना ताक पाजले आणि विचारले, “आणि परीक्षा कोण घेणार? पोस्टमन?”

हा विनोद मी बरीच वर्षे सांगत असे. पुढे सांगवेना. माझ्या शाळेतल्या आठवीतल्या एका मुलाला कावीळ झाली. गावातल्या एका पाटीवाल्याने त्याला मुळीचा रस आणि मंत्राची माळ देऊन तीन आठवडे घरीच ठेवले. त्याच्या खोलीत चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र होते आणि त्यावर ठसठशीत शिक्का होता. काकांना मुलाच्या घरी बोलावले गेले तेव्हा त्यांनी औषध दिलेच नाही. “याला बैलगाडीतून असो नाहीतर खांद्यावरून, आजच्या आज दवाखान्यात न्या,” एवढेच म्हणाले. नेला, पण उशीर झाला होता. हजेरीपटावरून त्याचे नाव मी माझ्या हाताने कमी केले. तेव्हापासून परीक्षा नको, कागद नको असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मला बोलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या परंपरागत वैद्यांच्या प्रकरणात एप्रिल २०१८ मध्ये, पात्रता आणि नोंदणी नसलेल्याला वैद्यकी करता येणार नाही असा जो निकाल दिला, तो मला पटतो. पण आमच्या काकांना परीक्षेला बसण्याची सोय कोणत्याच कायद्यात उरली नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

आजचा बी.ए.एम.एस. विद्यार्थी आंतरवासितेसह साडेपाच वर्षे शिकतो. शरीर जाणतो, रक्ततपासणीचा कागद वाचतो, कोणता रोगी आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे त्याला शिकवलेले असते. काकांना हे फक्त अनुभवाने येत होते. पण यातले कितीजण रानात जाऊन झाड ओळखतील? माझे काही जुने विद्यार्थी वैद्य आहेत. ते स्वतःच कबूल करतात की औषधी त्यांच्याकडे बाटलीत आणि पुडीत येते. गेल्या काही वर्षांत क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बंगळूरच्या एका संस्थेच्या मदतीने लोकवैद्यांसाठी स्वेच्छेने घ्यायच्या प्रमाणपत्राची योजना आणली आहे. त्याने वैद्यकी करण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही, पण माणसाला काय येते हे निदान कोणी विचारते तरी. मी ती काकांना वाचून दाखवली. “परीक्षा घेणारे कोण?” हा त्यांचा पहिला प्रश्न. जाणते वैदूही असतात, असे सांगितल्यावर म्हणाले, “मग वीस वर्षांपूर्वी यायला हवे होते. आता गुडघे चालत नाहीत.”

कोरोनाच्या दिवसांत घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या काही रोग्यांची माहिती मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आणि त्यावर मोठा वाद झाला. आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे की गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत होऊ शकते. वाद अजून मिटलेला नाही. त्याच सुमारास माझ्या एका विद्यार्थ्याने नर्सरीतून आणलेले रोप प्लॅस्टिकच्या पिशवीतून काकांना दाखवायला आणले. पाटीवर गुळवेल असेच लिहिले होते. काकांची दृष्टी अधू झाली आहे. त्यांनी खोडावरून बोटे फिरवली, नखाने साल किंचित सोलली, पान चुरगळून हुंगले.

“गाठी फार आहेत रे. ही आपली वाटत नाही.”

“मग कुठली, काका?” मी विचारले.

“ते मला ठाऊक नाही. कुंडीत लाव, दोन पावसाळे जाऊ देत, मग सांगेन. तोवर कोणाला देऊ नकोस.”

रोप शाळेच्या आवारात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या खिडकीखाली लावले आहे.